मामाच्या जिवासाठी चोखणी

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर लिहिलंय, 'डॉ. प्रज्ञा, दंतचिकित्सक, लहान मुलांच्या दातांवर खास उपचार'. त्या पाटीच्या बरोब्बर खाली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, रोज सकाळी सुलक्षणा बसलेली असायची. वय पावणेचार वर्षं, केसांच्या दोन शेंड्या आणि तोंडात निळी चोखणी. इतकी उत्तम जाहिरात भुसावळात दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरला मिळाली नसेल. पेशंट पाटी वाचायचे, मग खाली पोरीकडे बघायचे, आणि काही जण चपला काढता काढता थांबायचे. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "तुमचीच का?" मी म्हटलं, नाही, घरमालकांची. त्यांना ते फारसं पटलं नाही.

घरमालक म्हणजे झुंबरबाई. अख्खा रस्ता त्यांना अक्का म्हणतो, म्हणून मीही म्हणते. मूळच्या साक्रीकडच्या. नवरा रेल्वेत होता म्हणून भुसावळला आल्या. नवरा गेला, त्या राहिल्या, आणि त्यांची बोलीही चाळीस वर्षं जशीच्या तशी राहिली. वरच्या मजल्यावर त्या, मुलगा दीपक, मुलगी हेमांगी आणि हेमांगीची ही सुलु असे चौघं राहतात. हेमांगीचा नवरा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात आहे, महिन्यातून दोनदा येतो. दीपक मालगाडीचा ड्रायव्हर. हल्ली त्याला लोको पायलट म्हणायचं. थोडक्यात, सुलु आजोळी वाढत होती आणि तिचा मामा त्याच घरात राहत होता. हा मामा लक्षात ठेवा, कारण माझ्या विद्यापीठाने मला पाच वर्षांत जे शिकवलं नाही ते सगळं या मामापासून सुरू होतं.

सुलुच्या तोंडातली चोखणी मी पहिल्यांदा बाहेर पाहिली ती ऑगस्टात. माझ्या टेबलावर दातांची मोठी प्लास्टिकची कवळी असते, ब्रश कसा करायचा ते दाखवायला. तिचं तोंड मी उघडझाप करून दाखवलं तर सुलु इतकी हसली की चोखणी निसटून खाली पडली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच थांबलं. दाढा एकमेकींवर नीट टेकलेल्या होत्या. पुढे मात्र वरच्या आणि खालच्या दातांची भेटच होत नव्हती. मध्ये गोल पोकळी, सुताराने चोखणीचं माप घेऊन करावी तशी. वरचे दात बाहेर झुकलेले. माझी करंगळी त्या फटीतून आरामात आत गेली.

मी तिला बिस्किट दिलं. तिने ते पुढच्या दातांनी तोडलं नाही, तोडताच येत नव्हतं. गालाच्या कोपऱ्यात सरकवून दाढेने चुरडलं, अगदी सराईतपणे. नाव विचारलं तर जीभ फटीतून बाहेर आली आणि ती म्हणाली, "थुलक्षणा." घरच्यांना ते फार गोड वाटायचं. बहुतेक सगळ्या घरांत ते गोडच वाटतं, पोरगी शाळेत जाईपर्यंत.

आम्ही दातवाले याला ओपन बाइट म्हणतो. चोखणी वेळेत सुटली तर दुधाचे दात बहुतेक वेळा आपसूक जवळ येतात, डॉक्टरला काही करावंच लागत नाही. पण चौथं वर्ष उलटून पुढेही ती दिवसभर तोंडात राहिली, तर जबड्याची ठेवणच बदलायला लागते. मग पक्के दात, तारा, वर्षानुवर्षांच्या खेपा, आणि वर्गातल्या पोरांनी ठेवलेली नावं. सुलुला डिसेंबरात चार पूर्ण होणार होती. हातात चार महिने होते आणि पोरगी माझ्याच डोक्यावर राहत होती. मला वाटलं, यापेक्षा सोपी केस नाही.

संध्याकाळी मी हेमांगीला गाठलं. हेमांगी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलांना दातांचे प्रकार, त्यांची कामं, आकृतीसह, चार गुणांसाठी. मी तिला सगळं समजावलं. तिने मान डोलावली, मध्येच दोन हुशार प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली, "पण मॅडम, ही दातांसाठी सुरक्षितवाली आहे. पाकिटावर लिहिलंय. दीपकच आणतो." मी म्हटलं, पाकिटावर काहीही लिहितात, दात पाकीट वाचत नाहीत. ती म्हणाली, "आणि वरचे दात किती पुढे दिसतात बघा ना तिचे. म्हणून तर चोखणी लागते."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बाई थकली आहे.

तरी तिने वचन दिलं आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दुपारी सुलु पायरीवर मोकळ्या तोंडाने बसली होती. मी तिला पेन्सिल दिली, कागद दिला, तीही रमली. दोन तास चोखणीची आठवणही काढली नाही. मग कोपऱ्यावर बुलेटचा आवाज आला. वरून अक्कांचा त्याहून मोठा आवाज आला, "सुलु, तोंडमा घाल!" आणि अक्का सत्तराव्या वर्षी, गुडघेदुखीसकट, सोळा पायऱ्या उतरून धावत आल्या, कमरेच्या पिशवीतून चोखणी काढली आणि पोरीच्या तोंडात बसवली. दीपक गाडी लावून आला, भाचीच्या डोक्यावर हात फिरवला, वरच कुठेतरी बघत म्हणाला, "काय सुलुबाई," आणि जिना चढून गेला.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मालगाडीच्या ड्रायव्हरला ठरलेली वेळ नसते, कधी पहाटे येणार, कधी भर दुपारी, त्यामुळे घराला सतत सज्ज राहावं लागायचं. एक चोखणी अक्कांच्या पिशवीत, एक देवघरात, एक फ्रिजवर, एक हेमांगीच्या पर्समध्ये. मामा घरी असेल तितका वेळ पोरीच्या तोंडाला झाकण, आणि ड्रायव्हर रेस्टवर असला की सोळा-सोळा तास घरीच असतो. पोरीने कुरकुर केली तर अक्का चोखणी मधात बुडवायच्या. म्हणजे दात वाकडे तर वाकडे, वर किडायचीही सोय. शनिवारी मी दवाखान्याला कुलूप लावून वर गेले आणि अक्कांना विचारलं की हा काय प्रकार आहे.

अक्कांनी आधी गॅलरीत जाऊन खाली बुलेट नाही ना हे पाहिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, दार लाई द्या."

मी दार लावलं.

"ह्या पोरले वरना दात पहिले उनात."

मी वाट बघितली. पुढे काहीच आलं नाही. अक्कांच्या मते सगळं सांगून झालं होतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना माझी कीव आली असावी, कारण मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बाळाचे वरचे दात आधी आले की ते मामावर भारी. मामाने ते बघायचे नाहीत. बघितले तर मामाच्या जिवाला धोका. "मना पोऱ्या इंजिनवर जास, डॉक्टरीनबाई. त्याले काही व्हयनं ते?"

"अक्का, दात कुठल्याही क्रमाने येतात. पुष्कळ मुलांचे वरचे आधी येतात. आमच्या पुस्तकात—"

"तुमना पुस्तकमा मामा शे का?"

"नाही."

"मंग," अक्का म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मी हट्टाने त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, आता तर सगळेच दात आले, तीन वर्षं झाली, कोणते आधी आले होते हे आता बघून कोणाला कळणार आहे? अक्कांनी साखरेचा चमचा माझ्याकडे रोखला. "आते वरना दात बठ्ठा पुढे उनात. आंधळाले बी समजी पहिले कोनता उनात."

तेव्हा मला हेमांगीचं वाक्य कळलं. चोखणीने वरचे दात पुढे आले होते. पुढे आले म्हणून ते अशुभ ठळक दिसत होतं. ठळक दिसत होतं म्हणून ते झाकायला चोखणी लागत होती. विज्ञानाची शिक्षिका हे तीन वर्षं बघत होती आणि संध्याकाळी आठवीचे पेपर तपासत होती. मी हेमांगीला नंतर सुनावलंच. ती रागावली नाही. म्हणाली, "मलाही पटत नाही हो मॅडम. पण भाऊ एकच आहे." त्या शनिवारी मात्र दीपकला काही न सांगण्याची अक्कांनी घातलेली शपथ घेऊन मी चहा न पिताच खाली आले, आणि खाली आल्यावर चहा सोडल्याचं वाईट वाटलं.

इथे माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. माझे वडील बुद्धभूषण मुक्ताईनगरला शिक्षक होते. आयुष्यभर गंडे, दोरे, नवस, उतारे यांच्याविरुद्ध भांडले. आमच्या घरात मांजर आडवं गेलं की मांजराला रस्ता द्यायचा, इतकंच शिकवलं. त्या घरातली मुलगी एका मामाच्या जिवासाठी चाललेल्या गुप्त मोहिमेची आता साक्षीदार झाली होती, तीही तोंड बंद ठेवण्याच्या शपथेवर.

पंधरा दिवसांनी मामा स्वतः खुर्चीत आला. अक्कलदाढ ठणकत होती. दीपक म्हणजे सहा फूट, मिशा, पन्नास-पन्नास डबे ओढणारा माणूस. मी आरसा तोंडात घालायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? सुलुच्या चोखणीवरून तुम्ही घरी काही बोललात का? त्यानंतर दोन दिवस आई जेवली नाही नीट."

मी म्हटलं, बोलले, आणि पुन्हा बोलणार आहे.

"तिला वाटतं मला माहीत नाही," तो म्हणाला. "सुलु आठ महिन्यांची असताना जांभई देत होती. मी बघितलं. वर एक पांढरी कणी होती, खाली काहीच नाही. मी लगेच तोंड फिरवलं. म्हटलं, आईला कळलं की मी पाहिलंय, तर ती मला इंजिनवर चढू देणार नाही. रोज दारात रडत बसेल. मग त्यांनी चोखणी सुरू केली. मला कळलं कशासाठी. म्हटलं, चला, त्यांना तेवढाच आधार. मग मीच आणायला लागलो. चांगल्यातल्या. दातांसाठी सुरक्षितवाल्या."

"आणि तुमचा विश्वास आहे यावर?"

"छे," दीपक म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण त्यानंतर मी तिच्या तोंडाकडे बघितलेलं नाही. कपाळाकडे बघतो. उगाच कशाला?"

तीन वर्षं. आई मुलापासून लपवत होती, मुलगा आईपासून लपवत होता, बहीण दोघांना सांभाळत होती. हे प्रेम होतं. याला दुसरा शब्द नाही. आणि हे सगळं प्रेम एका पावणेचार वर्षांच्या पोरीच्या तोंडात कोंबलेलं होतं. मला रडूही येत होतं आणि त्या सहा फुटी माणसाची दाढ भूल न देता उपटावीशीही वाटत होती. मी भूल दिली. थोडी उशिरा.

रात्रभर विचार करून मी वडिलांना शोभणार नाही असा निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी अक्कांना विचारलं की मामाने दात बघायचेच झाले तर काही मार्ग असतो की नाही. अक्कांच्या डोळ्यांत चमक आली. असतो की. सरळ बघायचे नाहीत, वाटीतल्या तेलात बघायचे. पण त्यासाठी दीपकला सांगावं लागलं असतं की दात वरचे आधी आलेत, आणि ते ऐकून तो धसका घेईल म्हणून तो मार्ग बंद. मी म्हटलं, त्याला मी सांगते, डॉक्टर म्हणून. पण चार वर्षांच्या पोरीच्या तोंडाखाली तेलाची वाटी धरून काय दिसणार? माझ्याकडे याच कामाचं हत्यार आहे. मी तोंडात घालायचा तो छोटा आरसा त्यांच्या हातात दिला.

"अक्का, मी तर दिवसभर दात आरशातच बघते. सरळ बघतच नाही. तेलात चालतं, मग आरशात का नाही?"

मी दोन मोठ्या परिषदांना गेले आहे. तिथे एवढा गंभीर विचार झालेला मी पाहिला नाही. अक्कांनी आरसा उलटसुलट केला, स्वतःचा दात त्यात पाहिला आणि निर्णय दिला. "चालस. पन आरसा नवा पाहिजे."

रविवारी सकाळी दवाखाना बंद ठेवून आम्ही जमलो. नवा आरसा, अक्कांनी आणलेल्या हळदीकुंकवाची दोन बोटं त्याच्या दांडीला, सुलु खुर्चीत, तोंडात चोखणी. हेमांगी दाराशी उभी, कोणी शाळेतलं बघत नाही ना म्हणून. मी दीपकला सुलुच्या डोक्यामागे उभं केलं, चोखणी काढली, सुलुला मोठ्ठा आ करायला लावलं आणि आरसा त्याच्या हातात दिला.

तो बराच वेळ बघत राहिला. अक्कांच्या ओठांची हालचाल चालू होती. मग दीपक म्हणाला, "मॅडम, हे भोक कसलं?"

"चोखणीचं."

"तोंड मिटूनसुद्धा?"

"सुलु, दात दाब बेटा." सुलुने दाढा दाबल्या. पुढे गोल पोकळी तशीच राहिली आणि तिच्यातून जिभेचं टोक बाहेर आलं. दीपकने आरसा बाजूला ठेवला. वाकला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भाचीच्या तोंडाकडे सरळ बघितलं. अक्कांनी त्याचा दंड धरला, पण तो हलला नाही.

"हे कोणामुळे झालं?" त्याने विचारलं.

खरं तर त्याने 'कशामुळे' विचारायला हवं होतं. पण विचारलं ते बरोबरच विचारलं, म्हणून मीही बरोबर उत्तर दिलं. "मामामुळे. वरचे दात आधी आले की मामावर भारी जातात म्हणे. इथे मामा दातांवर भारी गेलाय."

मग दीपक आईकडे वळला. "आई, मी देखेल शे. ती आठ महिन्यांनी व्हती तव्हयच."

"तव्हयच?" अक्का खाली स्टुलावर बसल्या. "आनि गाडी चालाडस?"

"रोज."

"तीन साल?"

"तीन साल."

अक्का हिशेब करत होत्या ते मला दिसत होतं. तीन पावसाळे, तीन हिवाळ्यांतलं धुकं, प्रत्येक वेळी दारात उभं राहून धरलेला श्वास. मुलाला काही झालं नव्हतं. ज्या पोरीला झालं होतं ती खुर्चीत बसून माझी गुळणीची वाटी वाजवत होती. अक्कांनी तिच्याकडे बघितलं, मग कमरेची पिशवी सोडली, त्यातली चोखणी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली आणि पदराने डोळे टिपले. "मनी पोर बिस्किट तोडी नही शकस," त्या म्हणाल्या. "मी रोज देखत व्हती."

पुढचे चार दिवस सुलु रडली. पाचव्या दिवशी तिने चोखणीऐवजी मामाची शिट्टी मागितली, ती मी ताबडतोब नाकारली. नवव्या दिवशी विसरली. मुलं विसरतात, विसरत नाहीत ती मोठी माणसं.

याचा एक परिणाम मी गृहीत धरला नव्हता. अक्कांनी आरशाची हकिकत रस्त्याला सांगितली. आता माझ्याकडे मामा येतात. बाळ, आई आणि घाबरलेला मामा, अशी त्रिकुटं, लांबलांबून. मी आरसा देते, एका अटीवर: घरातल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, चोखण्या आधी बरणीत टाकायच्या. बरणी टेबलावर कवळीशेजारी असते. वडिलांचा फोन आला होता. मुक्ताईनगरच्या कोणीतरी त्यांना सांगितलं की तुमची मुलगी फार चांगलं बघते, देवऋषी बघतात तसं. मी त्यांना बरणीचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बरणीत किती झाल्या?" मी म्हटलं, एकोणतीस. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

डिसेंबरात सुलुचा वाढदिवस झाला. फट अर्ध्याहून कमी उरली होती. मी वर गेले तेव्हा दीपक ड्युटीवर निघायच्या तयारीत होता, आणि सुलु त्याच्या मांडीवर बसून पेरू खात होती, पुढच्या दातांनी. पेरूवर वरच्या दातांच्या खुणा स्वच्छ होत्या, खालच्या पुसट. तो तिच्या तोंडाकडे बघून हसत होता. मला इतका आनंद झाला की मी केक दोनदा घेतला.

दीपक गेला. बुलेटचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत अक्का गॅलरीत थांबल्या, मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, हाऊ दुधना दात पडतीन. मंग पक्का येतीन. त्यामा पहिले कोनता येतीन?"

"खालचे येतात बहुतेक."

"बहुतेक?"

त्यांचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. पिशवी रिकामी होती, मला माहीत होतं. पण बाजार दोन गल्ल्यांवर होता.

"खालचेच, अक्का," मी ठामपणे सांगितलं.

पुस्तकात 'बहुतेक' आहे. पण त्या पुस्तकात मामा नाही.